भार डाव्या पायावर

३ मार्च, सोमवार

माझ्याकडे गोल्फ शिकणाऱ्या बँकवाल्या बाईंनी जानेवारीत ही डायरी दिली होती. दोन महिने फ्रिजवर पडून होती. आज तिला काम लागलं, कारण आज मला इतका राग आलाय की तो कुठेतरी ठेवायलाच हवा. तोंडाने काढला तर ह्यांच्या अंगावर निघेल, आणि हे बिचारे आत्ताच दुकानातून दमून आलेत.

क्लबच्या सेक्रेटरींनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाईट आहे. एकोणीस वर्षांत त्यांनी मला चहा एकदाच पाजला होता, शिडीवरून पडले होते तेव्हा. पत्र पुढे सरकवलं. यापुढे क्लबच्या रेंजवर, म्हणजे आमच्या सरावाच्या मैदानावर, परीक्षा पास झालेल्यांनीच गोल्फ शिकवायचं. परीक्षा म्हणजे एका दिवसात दोन फेऱ्या, छत्तीस होल, आणि दोन्ही मिळून जास्तीत जास्त १६४ फटके. तारीख १२ एप्रिल.

"जमणार नसेल तर सांगा. तुमच्यासाठी दुसरी एखादी मानाची जागा बघू," म्हणाले.

मानाची जागा म्हणे! सतरा वर्षांची असताना मी या मैदानावर लोकांच्या बॅगा वाहायला लागले. वाहता वाहता बघून शिकले आणि शिकता शिकता शिकवायला लागले. क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, कुठल्या टोकाला धरायचा हे या सेक्रेटरींनाही मीच दाखवलंय. आता त्रेपन्नाव्या वर्षी मला कागद हवा.

मी म्हटलं, "फॉर्म द्या."

फॉर्मवर एक रकाना होता: पायी चालणे शक्य नसल्यास मैदानावर फिरण्याच्या गाडीसाठी डॉक्टरांचा दाखला जोडावा. त्यावर अशी आडवी रेघ मारली की खालचा कागदही फाटला. सेक्रेटरी नुसते बघत राहिले. बघू देत.

५ मार्च, बुधवार

दातांचे डॉक्टर माझ्याकडे दीड वर्ष शिकतायत, तरी अजून बॉलच्या आधी माती मारतात. आज त्यांना पहिल्यापासून सांगितलं. क्लब वर नेणं कुणालाही जमतं. खरा खेळ तो खाली येताना, त्या पाव सेकंदात. त्या वेळी हातांचं काम नंतर, आधी पायांचं. क्लब अजून वरच असतो तेव्हाच भार डाव्या पायावर जायला हवा, मग कंबर उघडते आणि डावा पाय खांबासारखा उभा राहतो. खांब असला की वरचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. खांब नसला की माणूस मागे कलंडतो, आणि बॉल एक तर गवतातून सरपटतो नाहीतर शेजारच्याच्या अंगावर जातो.

"दाखवा ना," म्हणाले.

दाखवलं. मी भाषणं देणाऱ्यातली नाही. माझ्याकडे बघा आणि तसंच करा, एवढंच माझं शिकवणं. त्यांनी तसंच केलं आणि मागे कलंडले.

यंदा सगळ्यांनाच काय झालंय कळत नाही. माझे सात विद्यार्थी, सातही मागे कलंडतात. दातवाले, बँकवाल्या बाई, विमावाले, सगळे. पालथ्या घड्यावर पाणी.

शेजारच्या मॅटवर काटेवाला होताच. गेल्या वर्षी क्लबने आणलेला नवा कोच. वय अठ्ठावीस, परीक्षा पास, केस नीट. त्याच्याकडे दोन काळ्या पाट्या आहेत. त्यांवर उभं राहून फटका मारला की कुठल्या पायावर किती भार होता ते पडद्यावर दिसतं. वजन करायचं तर भाजीच्या दुकानात जा ना. म्हणून मी त्याला काटेवाला म्हणते. तोंडावर नाही म्हणत, पण त्याला माहीत आहे.

९ मार्च, रविवार

हे बूट दुरुस्त करतात. खालीच दुकान आहे. आज सकाळी माझे गोल्फचे बूट घेऊन बसले होते. तळाला ते प्लास्टिकचे खिळे असतात, गवतात पाय रोवायला, ते बदलत होते. उजव्या बुटाचे. म्हटलं, "आत्ता डिसेंबरात बदलले होते ना?"

"झिजले."

"आणि डाव्याचे?"

"डाव्याचे चांगले आहेत." मग मान वर न करता म्हणाले, "कंपनीच्या मालात फरक असतो कधी कधी."

कंपन्या म्हणजे सगळे चोर. डावा आणि उजवा एकाच कारखान्यात होत असेल ना?

ह्यांचंही हल्ली काहीतरी चाललंय. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचे डबे मला न विचारता खालच्या फळीवर आणलेत. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावून घेतलाय. मला विचारलं तर म्हणे वय झालं, माझ्यासाठी लावला. चार जिने धावत चढणारा माणूस! परवा बाजारातून येताना माझ्या हातातली पिशवीही ओढून घेतली. म्हातारचळ लवकर लागला, दुसरं काय.

१४ मार्च, शुक्रवार

सोमवारी मैदान सभासदांसाठी बंद असतं, तेव्हा आम्ही कर्मचारी खेळू शकतो. या सोमवारी अठरा होल खेळले. ९१. एका फेरीला ८२ हवेत, त्यापेक्षा नऊ जास्त. पण वारा होता, आणि ग्रीनवरचं, म्हणजे होलच्या भोवतालचं, गवत कापलेलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी म्हणेल, म्हणो. अंगण खरंच वाकडं होतं.

गुडघा जरा आखडला होता, म्हणून चार दिवस लिहिलं नाही. गादी बदलायला हवी.

(अडीच वर्षांपूर्वी जाळीत अडकलेले बॉल काढताना शिडी सरकली, तेव्हा डावा गुडघा दुखावला होता. सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. त्यानंतर हाडांचे डॉक्टर म्हणाले, आतून झिजलाय, बदलावा लागेल. मी म्हटलं, गुडघा आहे की सायकलचा टायर? आणि उठून आले. तेव्हापासून एक दिवस रजा घेतलेली नाही.)

१८ मार्च, मंगळवार

आज मजा झाली. सेक्रेटरी रेंजवर आले आणि काटेवाल्याला म्हणाले, बाईंच्या विद्यार्थ्यांना तुझ्या पाट्यांवर उभं करून आकडे घेतलेस का? मागच्या महिन्यात सांगितलं होतं. काटेवाला म्हणाला, "घेणार होतो सर, बॅटरी संपली होती."

महिनाभर बॅटरी संपलेली! एवढं महागाचं यंत्र आणि एक बॅटरी टिकत नाही. मी तिकडे पाठ करून पोट धरून हसले.

पण नंतर डोक्यात किडा वळवळायला लागला. सेक्रेटरींना माझ्या विद्यार्थ्यांचे आकडे हवेत म्हणजे मी परीक्षेत पास झाले तरी ते काट्याचा बडगा उगारणार. त्यापेक्षा काटाच खोटा आहे हे मीच सिद्ध केलं तर?

२२ मार्च, शनिवार

सिद्ध झालं!

माझ्या सातही जणांना घेऊन काटेवाल्याकडे गेले. म्हटलं, "घे आकडे. सगळ्यांसमोर." तो म्हणाला, "बाई, आज नको." मी म्हटलं, "का, बॅटरी?" मग त्याने निमूटपणे पाट्या लावल्या.

फटका बसतो त्या क्षणी डाव्या पायावर शंभरातला ऐंशीच्या आसपास भार हवा. दातवाल्यांचा आला चौतीस. बँकवाल्या बाई एकतीस. विमावाले अडतीस. बाकीचे चौघे पस्तिशीच्या मागेपुढे. आता मला सांगा, एक माणूस सहा फुटी, एक पाच फुटी, एकाला पोट, एकाला पाठीचा त्रास, आणि सगळ्यांची चूक तीच, आणि तेवढीच? अशी सात माणसं एकसारखी चुकतील का? चुकतं ते यंत्र. हातच्या कंकणाला आरसा कशाला!

मी हे सगळं मोठ्याने म्हटलं. काटेवाल्याने आपल्या एका विद्यार्थिनीला उभं केलं. तिचा आकडा ब्याऐंशी.

"तिच्या वेळी दुसरं बटण दाबलंस," मी म्हटलं.

तो म्हणाला, "बाई, एकदा तुम्ही उभ्या राहाल?"

"माझे बूट ओले आहेत."

"ओल्याने पाट्यांना काही होत नाही."

"बिघडलेल्याला आणखी काय होणार? पण माझी वेळ झाली."

माझे सातही जण माझ्याकडे बघत होते. विजयाने मीच लाल झाले असेन. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. दुपारी बँकवाल्या बाईंनी दिलेला केक जड झाला असणार.

२३ मार्च, रविवार

ह्यांना कालची सगळी हकिगत रंगवून सांगितली. हे ऐकत राहिले. हसतील म्हणून मी दोनदा थांबले, पण हे नाही हसले. मग खाली दुकानात गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. माझ्यासमोर उघडला. आत झिजलेले खिळे, मूठ-दीड मूठ.

"हे कुणाचे?"

"तुझे. दीड वर्षातले. सगळे उजव्या बुटाचे."

"आणि डाव्याचे?"

"डाव्याचे कुठून असणार? तो अजून पहिल्याच खिळ्यांवर आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, कंपनीच्या मालात फरक असतो."

"म्हणालो. खोटं बोललो." मग म्हणाले, "अगं, तीस वर्षं लोकांचे बूट बघतोय. माणूस दारात आला की चेहऱ्याआधी टाच बघतो. तू डाव्या पायावर उभीच राहत नाहीस. शिडीवरून पडल्यापासून."

मी डबा उचलून आपटला. खिळे घरभर उडाले. मग हे गुडघ्यांवर बसून ते वेचायला लागले. मला वाकता येत नव्हतं, म्हणून मी उभ्यानेच पायाने ढकलून त्यांच्याकडे देत होते. डाव्या पायाने ढकलत होते. उजव्यावर उभी राहून. ते लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीत बसले आणि दुपारपर्यंत उठले नाही.

२४ मार्च, सोमवार

रेंज रिकामी होती. काटेवाला जाळी नीट करत होता. मी म्हटलं, "लाव तुझा काटा."

सात नंबरच्या क्लबने दहा फटके मारले. पहिल्याला बत्तीस. म्हटलं अंग गरम व्हायचंय. मग तीस, तेहेतीस, एकोणतीस. दहाव्याला पुन्हा बत्तीस. दर वेळी भार डावीकडे जायला निघायचा आणि अर्ध्या वाटेवरून घाबरून परत यायचा. मला कळतसुद्धा नव्हतं. मला तर वाटत होतं मी खांबासारखी उभी आहे.

आणि मग शनिवारचे आकडे आठवले. बत्तीस, चौतीस, एकतीस. विद्यार्थी चुकत नव्हते. माझ्याकडे बघा आणि तसंच करा, असं मी अडीच वर्षं सांगत होते आणि ते तंतोतंत तसंच करत होते. माझा लंगडा पाय मी सात धडधाकट माणसांना शिकवला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी आजवर दुसऱ्यांसाठी वापरत आले.

काटेवाल्याला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"नोव्हेंबरपासून."

"आणि सेक्रेटरींना बॅटरीची गोष्ट सांगितलीस. दया आली माझी?"

"नाही."

"मग?"

तो चाचरला. म्हणाला, "तुम्ही शिकवता ते मी पुस्तकातून शिकलो बाई. तुमचं बोलणं बरोबरच आहे. फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त तुमच्याकडे बघायचं नाही."

असा राग आला! त्याला म्हटलं, पुन्हा माझ्यासाठी खोटं बोललास तर तुझ्या पाट्या तळ्यात टाकेन. तो हो म्हणाला. आणि पाट्या उचलताना म्हणाला, "डाव्या पायाचा चवडा थोडा बाहेर वळवून बघा. गुडघ्याला पीळ कमी बसतो."

जसं काही मला माहीत नाही. (माहीत नव्हतं. करून बघितलं. एक्केचाळीस.)

२७ मार्च, गुरुवार

सातही जणांना बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं. आदल्या दिवशी आरशासमोर तयारी केली होती, त्यातलं एक वाक्य वेळेवर आठवलं नाही. म्हटलं, "तुमच्यात काही खोट नाही. तुम्ही माझं लंगडणं शिकलात. चूक माझी."

मग बँकवाल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे ती स्टाइल नव्हती?"

दातवाले म्हणाले, "मी तर घरी आरशात बघून बघून बसवली हो!" आणि सगळे हसले. मी नाही हसले. विमावाले उठले, हात जोडले आणि सरळ काटेवाल्याच्या मॅटवर गेले. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, पण म्हणावंसं फार वाटतंय.

उरलेल्या सहांना म्हटलं, क्लब खाली ठेवा. बॉल बाजूला करा. हात छातीवर बांधा. आता डाव्या पायावर या आणि दहापर्यंत मोजा. कुणालाच दहापर्यंत जमलं नाही. मला चारपर्यंत.

२ एप्रिल, बुधवार

ह्यांना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. पहिल्यांदाच आपण होऊन. त्यांनी फोटो काढला, बघितला आणि म्हणाले, "यावर तुम्ही छत्तीस होल चालणार?"

"चालणार नाही. गाडीचा दाखला द्या."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परक्या भाषेत बोलले. दाखला घेऊन सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "तुम्ही तर रेघ मारली होती."

"मारली होती. आता पुसतेय. नियमात बसतं ना?"

नियमात बसत होतं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लाज वाटेल असं वाटलं होतं, पण मिजास वाटली. माझा पाय खोटा पडला ते आता सगळ्यांना माहीत आहे. मग चोरून लंगडण्यापेक्षा उजळ माथ्याने लंगडेन. मी मागे हटतेय असं ज्याला वाटत असेल त्याने १२ तारखेला यावं.

रोज सकाळी भिंतीला डावी बाजू लावून उभी राहते. वर नेलेल्या हातांची नक्कल करायची, आणि हात खाली यायच्या आधी कंबर भिंतीला टेकवायची. पायावर भार. चवडा बाहेर. आज आठपर्यंत मोजलं. काट्यावर अठ्ठावन्न.

७ एप्रिल, सोमवार

अठरा होल, ८५. अजूनही जास्तच. उतारावर बॉल असला की डावा पाय खाली आणि सगळा भार त्याच्यावर, तिथे मन कच खातं. क्लब खाली यायला लागला की आतून कुणीतरी ओरडतं, नको. मी त्या ओरडणाऱ्याला इथे लिहून ठेवते: गप बस.

पण खरं लिहायचं तर भीती वाटते. पास झाले नाही तर काय? शिकवण्याशिवाय मला काहीही येत नाही. आणि शिकवणंही चुकलं होतं म्हणे. मग उरलं काय माझं?

ह्यांना विचारलं. म्हणाले, "जेवून घे."

१३ एप्रिल, रविवार

काल झाली परीक्षा. काल लिहायची ताकद नव्हती.

ह्यांनी दुकान बंद ठेवलं आणि गाडी चालवायला आले. ह्यांना गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. प्रत्येक फटक्याला "छान" म्हणत होते, बॉल पाण्यात गेला तेव्हाही. तिसऱ्या होलवर मी ओरडले, "अहो, निदान बघून तरी म्हणा!" म्हणाले, "मी पाय बघतोय. पाय छान होता."

पहिली फेरी ८०. माझा मलाच विश्वास बसेना. आमच्याबरोबरची दोन पोरं माझ्या निम्म्या वयाची, दोघांचे ८३ आणि ८४. जेवणाच्या सुट्टीत काटेवाला लांबूनच शाबासकीचा अंगठा वर करून गेला. मी बघितलं नाही असं दाखवलं. आता ८४ पुरेसे होते.

दुसऱ्या फेरीत आठव्या होलपर्यंत तग धरला. मग गुडघा सुजला. बाराव्याला सात फटके लागले, चौदाव्याला परत सात. पाय भार घ्यायला तयार होता, खोटं का बोलू, पण गुडघा फुग्यासारखा झाला होता आणि वाकत नव्हता. एकदा वाटलं, सोडा तो डावा पाय, जुन्या सवयीने उजव्यावर मागे राहू, बॉल सरपटत का होईना पुढे तरी जाईल. सोळाव्याला तसा एक फटका मारला. बॉल चांगला दीडशे यार्ड गेला. मला स्वतःची किळस आली. पुन्हा तसा मारला नाही.

सतराव्यानंतर सगळं संपलं होतं. शेवटच्या होलचा एकही फटका न मारता माझे १६३ झाले होते, आणि एका फटक्यात होल कोण करतो. दुसऱ्या फटक्याला बॉल उतारावर थांबला होता, डावा पाय खाली घ्यावा लागेल असा. परीक्षक भला माणूस. जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, हिशोब तर झालाच आहे. बॉल उचललात तरी चालेल."

मी म्हटलं, "तुमचं चालेल. माझं नाही चालणार. मोजायला आलात ना, पूर्ण मोजा."

चवडा बाहेर वळवला. सगळा भार डाव्या पायावर घेतला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. क्लब वर नेला. वरून खाली येताना आतलं कुणी ओरडलं नाही. कंबर उघडली आणि पाय उभा राहिला. आवाज आला तो मी अडीच वर्षांत ऐकला नव्हता. बॉल ग्रीनवर, झेंड्यापासून पाच पावलांवर.

हे म्हणाले, "छान." मग तेवढ्या पाच पावलांत मी दोनदा चुकले आणि तिसऱ्याला बॉल आत गेला. १६८.

चार फटक्यांनी नापास.

१५ एप्रिल, मंगळवार

रेंजच्या फळ्यावर नोटीस लागली. ज्यांना परवानगी नाही त्यांनी क्लबच्या जागेत, क्लबच्या साहित्यावर शिकवू नये. नाव नाही लिहिलं, पण परवानगी नसलेली शिकवणारी अख्ख्या क्लबात मी एकटीच.

सेक्रेटरींनी पुन्हा चहा मागवला. मानाची जागा म्हणजे काय ते आज कळलं: बॉल धुण्याच्या खोलीवर देखरेख. पगार तोच. एसी आहे म्हणाले. मी म्हटलं, "बॉल स्वच्छच असतात साहेब. घाण माणसं मारतात तेव्हा होते." आणि चहा पूर्ण पिऊन उठले. फुकट का सोडा.

पुढची परीक्षा ऑक्टोबरात आहे. फॉर्म घेऊन आले. मग तसंच हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन ६ मेची तारीख घेतली. विचारलं, मेमध्ये गुडघा बदलला तर ऑक्टोबरात छत्तीस होल होतील का? म्हणाले, सांगता येत नाही. म्हटलं, तुम्ही गुडघ्याचं बघा, होलचं मी बघते. ह्यांना सांगितलं तर हे दुकानात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. खाली जाऊन बघते तर नुसते बसले होते, हातात कुणाचातरी बूट घेऊन.

१९ एप्रिल, शनिवार

साहित्य क्लबचं. मॅट क्लबची, बॉल क्लबचे. जागा फाटकापर्यंत क्लबची. ठीक आहे. पाय कुणाचे?

सकाळी सात वाजता फाटकाबाहेर, जिथे सभासदांचे ड्रायव्हर गाड्या लावतात त्या मोकळ्या पट्ट्यावर, सहांना उभं केलं. हात छातीवर. कुणाच्या हातात काही नाही. मी काठी घेऊन घडीच्या खुर्चीत बसले होते. आता काही दाखवत नाही. सांगते, आणि ते करतात. मला वाटलं होतं असं शिकवता येणार नाही. येतं. उलट नजर मोकळी राहते. बँकवाल्या बाईंची कंबर हातांच्या मागून येते हे दीड वर्षात आज पहिल्यांदा दिसलं.

"वर. थांबा. हात नाही, आधी पाय. डावीकडे. उभे राहा. मोजा."

ड्रायव्हर लोक गाड्यांना टेकून बघत होते. त्यातला एक तर स्वतः तसं करूनही बघत होता. आणि फाटकावरचा वॉचमन आला. नवा आहे, मिशा भरदार. म्हणाला, "बाई, इथे शिकवायला मनाई आहे. सेक्रेटरीसाहेबांचा फोन आलाय."

"क्लब दिसतोय कुठे? बॉल दिसतोय?"

"नाही."

"मग आम्ही काय करतोय?"

त्याने सहाही जणांकडे बघितलं. डावा पाय रोवून सहाजण आकडे मोजत होते. "उभे आहात," तो म्हणाला.

"रस्त्यावर उभं राहायला सेक्रेटरींची परवानगी लागते असा फोन आला असेल तर मला जोडून दे."

तेवढ्यात आतून काटेवाला आला. अंगात क्लबचा शर्ट, छातीवर बिल्ला. मला वाटलं आता सेक्रेटरींनी याला पुढे केलंय. वॉचमनही वाट सोडून उभा राहिला. "सर, तुम्हीच सांगा यांना," म्हणाला.

काटेवाला माझ्याकडे आला नाही. सरळ रांगेच्या टोकाला दातवाल्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हात छातीवर बांधले. वॉचमनला म्हणाला, "मी शिकायला आलोय."

वरच्या मजल्यावर केबिनचा पडदा हलला. मला त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. काटेवाल्याचा चवडा सरळ होता. परीक्षा पास आणि चवडा सरळ! मी काठीने त्याच्या बुटाला टोचलं.

"बाहेर वळव. अजून. हां. आता भार दे."

दातवाले सातव्या आकड्याला डगमगले आणि त्यांनी काटेवाल्याचा खांदा पकडला. मी म्हटलं, पुन्हा एकपासून.